‘तलाश’: भुताने पोलिसांची केस खाल्ली का?

निशाचर:
रीमा कागतीचा ‘तलाश’ (३० नोव्हेंबर २०१२ला आलेला) परत पाहिला. पुढे शेवट फोडलाय, पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

पाऊण सिनेमा झकास पोलीसपट आहे. मुंबईत पहाटे मोकळ्या रस्त्यावरून नट अरमान कपूरची गाडी थेट समुद्रात जाते. इन्स्पेक्टर शेखावत (आमिर) तपासाला लागतो. दलाल शशी, ब्लॅकमेलचे पैसे, नवाजुद्दीनचा लंगडा तेहमूर, सगळे धागे जमिनीवरचे. आणि मग कळतं की शेखावतला भेटणारी रोझी (करीना) तीन वर्षांपूर्वीच मेलीय, गाडी तिनेच पाडली. दोन तास आम्ही डोकं चालवायचं आणि उत्तर काय, तर भूत? ही शुद्ध फसवणूक आहे.

अनुजा:
फसवणूक कसली? पहिलं दृश्य आठवा. गाडीत अरमान एकटा, समोर कुणी नाही, तरी गाडी वळते. याचं जमिनीवरचं उत्तर तुम्हाला तेव्हा तरी सुचलं होतं का? शेखावतची शेजारीण फ्रेनी मेलेल्यांशी बोलते, हेही लपवलेलं नाही. दुसऱ्यांदा बघताना रोझीशी शेखावतशिवाय कोण बोलतं तेवढं बघा.

निशाचर:
अनुजाताई, खुणा पेरल्या म्हणजे न्याय झाला असं नाही. कोरियन ‘द वेलिंग’ (२०१६) घ्या. तिथेही नायक पोलीसच, पण गावात काहीतरी अमानवी आहे याचा वास आपल्याला लवकर लागतो, आणि पोलिसी अक्कल तिथे तोकडी पडते हाच सिनेमाचा विषय. इथे मला तपास विकला आणि घरी नेल्यावर डब्यात भूत निघालं.

खाकीबाहेर:
दोघेही भुतावर अडलात. माझं आयुष्य पोलीस ठाण्याच्या कागदांत गेलं, मला वेगळीच गोष्ट खटकली. शेवटी शेखावत रोझीचा पुरलेला सांगाडा स्वतः उकरतो आणि परस्पर अंत्यसंस्कार करतो! अहो, तो मुख्य पुरावा आहे. पुरलेलं प्रेत काढायचं तर दंडाधिकारी लागतो, पंच लागतात, हाडं न्यायवैद्यक तपासणीला जातात. एखाद्या हवालदाराने असं केलं असतं तर त्याच दिवशी निलंबन. तुमचा पोलीसपट मेला तो इथे, रोझी भूत निघाली तेव्हा नाही.

अनुजा:
काका, हा मुद्दा जबरी आहे. पण मला वाटतं तिथेच सिनेमा खरं बोलतो. अरमान नट म्हणून त्याच्या अपघाताला पूर्ण ठाणं जुंपलं. रोझी त्याच्या गाडीतून पडली, त्याने तिला रस्त्यावर तशीच टाकली, आणि तीन वर्षं तिच्या नावाने एक अर्जही नाही. वेश्यावस्तीतली बाई हरवली तर हरवल्याची नोंद करायला जाणार कोण? स्वतःची फिर्याद तिलाच द्यावी लागली, मेल्यावर.

निशाचर:
हे सुंदर आहे, पण त्यासाठी भूत कशाला? ती अरमानच्या गाडीत बसतानाचं सीसीटीव्ही चित्रण कथेतच आहे. एका हट्टी अधिकाऱ्याने तेवढ्यावर जुनं प्रकरण उकरलं असतं. तो सिनेमा मी तिकीट काढून दोनदा पाहिला असता.

खाकीबाहेर:
ते चित्रण शशीने पोलिसांना दिलं का? नाही. त्यावर पैसे उकळले. अरमान मेला नसता तर ते बाहेरच आलं नसतं.

पांथस्थ:
मुलगा बुडालेल्या बापाची, शेखावतची गोष्ट आहे हो ही. तपास हे त्याचं घरी न जाण्याचं निमित्त. त्याच्या बायकोचे, राणी मुखर्जीचे प्रसंग पुढे ढकलत बघितलेत काय सगळ्यांनी?

निशाचर:
ढकलले नाहीत, पण मेलेल्या मुलाची चिठ्ठी फ्रेनीच्या हातून आणवली तिथे मी चिडलो. रोझीचं भूत एकवेळ चालवून घेईन. बापाचं दुःख हलकं करायलाही दुसरं भूत? तो आणि बायको समोरासमोर बसून बोलले असते तर मी गप्प बसलो असतो.

अनुजा:
तुम्ही? गप्प? 😄 पण हे मान्य. चिठ्ठीच्या जागी मलाही राणीच हवी होती.