प्रतिसाद: अमिना रॉबिन्सन आणि चिखलाची कला

वर कोणीतरी म्हटलंय की स्थानिक कलाकार गेल्यावर त्याचं मोठं प्रदर्शन भरवतात आणि मग विसरतात, बरेचदा खरंय ते, पण अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातली कलाकार अमिना रॉबिन्सन, तिचं वेगळं झालं. बाई २०१५ ला गेली, जाताना घरासकट सगळं तिथल्या कोलंबस म्युझियम ऑफ आर्टला देऊन गेली, आणि २०२० मध्ये त्यांनी तिच्या कामाचं भलंमोठं प्रदर्शन लावलं. घर दुरुस्त करून आता तिथे कृष्णवर्णीय कलाकारांना राहून काम करायला देतात, मला प्रदर्शनापेक्षा हेच जास्त आवडलं.

आणि तिचं मटेरियल बघा! चिखल, चरबी, चुना, डिंक, काटक्या असं कालवून केलेला लगदा, त्याला ती 'हॉगमॉग' म्हणायची, वडिलांकडून शिकलेली. शिवाय कापड, बटणं, मणी जोडत वर्षानुवर्षं वाढत जाणारी कामं, आपल्या आज्यांच्या गोधड्यांसारखीच म्हणा ना. पॉइनडेक्स्टर व्हिलेज या सरकारी वसाहतीत ती वाढली, तिथली माणसं तिने आयुष्यभर चित्रांत रंगवली. ती वसाहत २०१३ मध्ये बरीचशी पाडली, दोनच इमारती उरल्यात, त्यामुळे तिथलं जगणं बघायचं तर आता तिच्याच चित्रांत.