हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे गच्चीवरच्या वाफ्याला आणि कुंडीला किती ग्रॅम?

चारबायआठ:
गच्चीवर ४ × ८ फुटांचा एक वाफा आहे आणि १२ इंची दहा कुंड्या. वाफ्यात भेंडी टोकायची आहे, कुंड्यांत मिरची-टोमॅटोची रोपं आहेत. भेंडीची शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो अशी मिळते (क्रमाने नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश). कृषी सेवा केंद्रातून सुफला १५:१५:१५ (तिन्ही १५-१५ टक्के असलेलं दाणेदार खत), युरिया आणि पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९) आणलंय. कुंडीला कुणी ‘एक चमचा’ सांगतं, कुणी ‘चिमूटभर’. घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा आहे. वाफ्याला नेमकं किती वजन घ्यायचं? कुंडीला तोच हिशोब लावायचा का? आणि चमच्याने मोजलं तर काय बिघडतं?

गुंठेवार:
आधी वाफा. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यामुळे हेक्टरी किलोच्या आकड्याला १० ने भागलं की चौरस मीटरला लागणारे ग्रॅम थेट मिळतात. शिफारस एकरी असेल तर ४ ने भागा, किंचित फरक पडतो पण बागेला चालतो.

४ × ८ म्हणजे ३२ चौरस फूट, जवळपास ३ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या वाफ्याला नत्र ३० ग्रॅम, स्फुरद १५, पालाश १५.

इथेच बहुतेकांची गफलत होते. हे ३० ग्रॅम नत्राचे आहेत, खताचे नाहीत. खताचं वजन काढायला पिशवीवरच्या टक्क्याने भागायचं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून ३० ग्रॅम नत्रासाठी ६५ ग्रॅम युरिया. पण भेंडीला स्फुरद-पालाश सगळं पेरणीला आणि नत्र अर्धं देतात, उरलेलं महिन्याने. तुमच्याकडे १५:१५:१५ आहे हे बरंच झालं, कारण हिशोब चक्क सरळ बसतो:

टोकताना सुफला १०० ग्रॅम. त्यातून १५ नत्र, १५ स्फुरद, १५ पालाश.
३० दिवसांनी युरिया ३३ ग्रॅम. त्यातून उरलेलं १५ ग्रॅम नत्र.

संपलं. आणखी काही घालायचं नाही.

लांबीच्या दिशेने फूटफूट अंतरावर चार ओळी बसतील, म्हणजे ओळीला २५ ग्रॅम सुफला. एवढं कमी खत आठ फुटांवर हाताने सारखं पडत नाही; सुरुवातीला मूठ सैल सुटते आणि शेवटच्या दोन फुटांना काहीच उरत नाही. म्हणून २५ ग्रॅम खत डबाभर चाळलेल्या कोरड्या मातीत कालवा आणि मग चरात ओढा. चर बियांच्या ओळीपासून दोन बोटं बाजूला आणि बियांपेक्षा तेवढाच खोल. खत बियांखालीच पडलं तर उगवण मार खाते.

एक सूचना, कारण यावरून दरवेळी वाद होतो: पिशवीवरचं स्फुरद ‘पी-टू-ओ-फाइव्ह’ आणि पालाश ‘के-टू-ओ’ या रूपात लिहिलेलं असतं आणि शिफारसही त्याच रूपात असते. त्यामुळे त्यातलं शुद्ध फॉस्फरस-पोटॅशियम काढायला ०.४४ आणि ०.८३ ने गुणायच्या फंदात पडू नका. फक्त पिशवीवरच्या आकड्याला गुणलंत तर स्फुरद दुपटीहून जास्त पडेल.

कोकोपीट_कमी:
वरचं गणित बरोबर आहे, फक्त ३३ ग्रॅम युरिया एकदम देण्याला माझा विरोध. गच्चीवरच्या वाफ्यात शेतासारखी चिकणमाती नसते, अर्धा माल कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट. अशा मिश्रणात युरिया टिकत नाही, दोन पाण्यांत खालच्या भोकातून निघून जातो. ११-११ ग्रॅमचे तीन हप्ते करा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने. दर हप्ता ५ लिटर पाण्यात विरघळवून ओळींच्या कडेने ओता आणि वरून साधं पाणी द्या. कोरडा युरिया पृष्ठभागावर भुरभुरून सोडला तर अमोनिया होऊन उडतो, उन्हात तर जास्तच. पावसाची झड लागली असेल तर हप्ता पुढे ढकला.

आता कुंड्या. कुंडीला क्षेत्रफळाचा हिशोब फक्त अंदाजाला वापरा. १२ इंची कुंडीचं तोंड साधारण ०.०७ चौरस मीटर. हेक्टरी १०० किलो नत्राच्या हिशोबाने तिच्या वाट्याला अख्ख्या हंगामात ०.७ ग्रॅम नत्र येतं, म्हणजे दीड ग्रॅम युरिया. आणि ५ मिलीचा सपाट चमचा युरिया भरतो पावणेचार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘एक चमचा’ सांगणारा माणूस अडीच हंगामांचं खत एका सकाळी घालायला सांगतोय. शीग लावून भरलात तर त्याहूनही जास्त.

म्हणून कुंडीत कोरडं रासायनिक खत टाकायचंच नाही. एकोणीस-एकोणीस लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, १२ इंची कुंडीला एक लिटर. दर वेळी ०.१९ ग्रॅम नत्र जातं. हंगामाची बेरीज शेतापेक्षा जास्त होते, पण कुंडीतून पाण्याबरोबर बरंच वाहूनही जातं. नवीन लावलेल्या रोपांना पहिले तीन आठवडे अर्धा ग्रॅम.

गुंठेवार:
तीन हप्त्यांचं मान्य. वाफ्यात कोकोपीट आहे हे मी धरलं नव्हतं.

तोळामासा:
मोजण्याबद्दल. किचनच्या काट्यावर १ ग्रॅम मोजू नका. काटा १ म्हणतो तेव्हा आत अर्धा ग्रॅमही असू शकतो, दीडही. शिवाय बरेचसे काटे शून्यावर असताना हळूहळू पडणारी भुकटी ओळखतच नाहीत, ते स्वतःला पुन्हा पुन्हा शून्यावर आणत राहतात. तुम्ही चिमटी-चिमटी टाकत राहता आणि आकडा हलत नाही. उपाय सोपा: आधी एखादी जड वाटी ठेवा, शून्य करू नका, तिचं वजन लक्षात ठेवा आणि त्यावर बेरीज बघा. काटा खरा आहे का ते तपासायचं तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत.

दहा कुंड्यांना तर बारीक मोजायची गरजच नाही. १० लिटर पाण्यात १० ग्रॅम टाका. १० ग्रॅमला एका ग्रॅमची चूक झाली तरी झाडाला कळणार नाही. फक्त बादली खरंच १० लिटरची करून घ्या: लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओता आणि जिथे पातळी येते तिथे मार्करने आतून रेघ मारा. ‘वीस लिटरची बादली’ काठोकाठ भरल्यावर वीसची असते, आणि तशी कुणी उचलत नाही.

दोन-तीनच कुंड्यांना द्यायचं असेल तेव्हा पक्कं द्रावण करा. १०० ग्रॅम एकोणीस-एकोणीस आधी ७०० मिली कोमट पाण्यात हलवून विरघळवा, मग पाणी वाढवून एकूण १ लिटर करा. (लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम टाकलं तर द्रावण लिटरपेक्षा जास्त होतं.) आता १० मिली म्हणजे १ ग्रॅम. मेडिकलमधून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा, झालं काम. शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका, घरातलं कुणीतरी पितं. चिठ्ठी लावा, अंधारात ठेवा.

या पद्धतीने सुफला किंवा सुपर फॉस्फेट विरघळवायला जाऊ नका, तळाशी गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात काय आहे ते सांगता येत नाही. आणि कॅल्शियम नायट्रेटचं पक्कं द्रावण नेहमी वेगळ्या बाटलीत. एकोणीस-एकोणीस किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या पक्क्या द्रावणात ते मिसळलं की पांढरा साका होतो. ते खत मग झाडाच्या कामाचं नाही.

चमचाच वापरायचा हट्ट असेल तर तुमच्या चमच्याने दहा सपाट चमचे खत एकदम तोला, दहाने भागा, आणि तो आकडा त्या खताच्या डब्यावर लिहा. युरियाचा आकडा पोटॅशला चालत नाही, पोटॅश त्याच चमच्यात कितीतरी जड भरतं.

चारबायआठ:
सगळ्यांचे आभार. एक कबुली: दोन मिरच्यांना आधीच सुफलाचा एकेक चमचा घातलाय. पानांच्या कडा करपल्यात आणि माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतंय.

कोकोपीट_कमी:
मातीतल्या पाण्यात क्षार इतके वाढलेत की मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून ओल्या मातीत झाड सुकतं. बुंध्याजवळ अजून दाणे दिसत असतील तर वरची बोटभर माती खरवडून काढा. मग कुंडी धुवा: १२ इंचीत साधारण १२ लिटर माती असते, तर २५ ते ३० लिटर साधं पाणी तीन टप्प्यांत, मध्ये अर्धा-अर्धा तास थांबून. खालची थाळी काढून ठेवा, नाहीतर निचरा झालेलं तेच पाणी परत वर चढतं. दोन दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी निरोगी येईपर्यंत खत बंद, नंतर लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, त्याकडे बघू नका, शेंड्याकडे बघा.

तोळामासा:
धुतल्यावर क्षार बघायला टीडीएस मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेले क्षार दाखवणारं) वापरणार असाल तर एक लक्षात घ्या: युरिया त्यात दिसत नाही, तो विद्युतभारित नसतो. एकोणीस-एकोणीसमधलंही बरंच नत्र युरियाच्या रूपात असतं, त्यामुळे मीटर कमी दाखवतो. सुफलातलं पोटॅश आणि अमोनियम मात्र दिसतं. निचऱ्याचं पाणी आणि नळाचं पाणी दोन्ही मोजा. दोघांतला फरक थोडाच उरला की धुणं थांबवा.