जुनं घर सोडलंत तरी पत्ता कळवा

वीज को-ऑपबद्दल, म्हणजे ग्राहकच सभासद-मालक असलेल्या सहकारी वीजसंस्थेबद्दल, 'को-ऑप नावालाच, आपण शेवटी ग्राहकच' असं कुणीतरी म्हणालं, ते मला अर्धंच पटलं. टेक्सासात आमच्याकडे वीज को-ऑपचीच, आणि मीही कितीतरी वर्षं तिच्या संचालक निवडणुकीची मतपत्रिका न उघडता रद्दीत टाकत होतो. मग एकदा जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत ३१ डॉलरचा चेक आला. कुणीतरी फसवतंय असं वाटून बायको तो फाडणारच होती! ते निघालं कॅपिटल क्रेडिट. वर्षाचा खर्च वजा जाऊन जे उरतं ते ज्याने जितकी वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावावर चढतं. हातात पडायला मात्र पंधरा-वीस वर्षंही लागतात, तोवर पैसा खांब-तारांत गुंतलेला. घर विकलं तरी हक्क सहसा जात नाही, म्हणून नवा पत्ता कळवून ठेवा.

त्यानंतर हट्टाने एका वार्षिक सभेला गेलो. अर्धी मंडळी जेवणासाठी आणि सोडतीसाठी आलेली, खोटं कशाला सांगू. पण एका आजोबांनी अहवालाचं पान दुमडून आणलं होतं. संचालकांच्या प्रवासखर्चावर बोट ठेवून त्यांनी अध्यक्षांना दहा मिनिटं उभं केलं. मत त्यांनाही एकच आणि मोठ्या गोदामवाल्यालाही एकच. आपल्याकडे नगर जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था होती, २०११ मध्ये तिचं वितरण महावितरणकडे गेलं. तिथल्या सभा कशा व्हायच्या, कुणी नगरकर आहे का इथे?