'समाधानकारक शेवट', 'उकल' आणि 'पटणे'

प्रश्न : 'अनदर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेविषयी लिहिताना मी तिचा शेवट 'समाधानकारक' आहे असे म्हटले, परंतु हा शब्द प्रगतिपुस्तकातील शेऱ्यासारखा वाटतो. त्याऐवजी 'रहस्याची उकल उत्तम झाली आहे' असे लिहिल्यास तोच अर्थ पोहोचेल का?

उत्तर : पोहोचणार नाही. 'उकलणे' हे मुळात शिवणीचे आणि गाठीचे क्रियापद आहे. धागा आधीपासून कापडात असेल, तरच तो उकलता येतो. त्यामुळे शेवटच्या भागात एखादा नवाच खलनायक आणून उभा केला, तर त्याला फार तर गौप्यस्फोट म्हणता येईल. 'अनदर'मध्ये (२०१२) मात्र खरी उकल आहे. (मालिका पाहिलेली नसल्यास या परिच्छेदाचा उरलेला भाग गाळावा.) शापित तुकडीत मिसळलेली मृत व्यक्ती कोण, हे शोधताना (एक व्यक्ती वाढली की एक आसन कमी पडते, म्हणून) सर्वांचे लक्ष वर्गातील बाकांवर असते, आणि कमी पडलेले टेबल निघते शिक्षकांच्या खोलीत. कथानायक कोइचीची रेइकोमावशी आणि सहायक वर्गशिक्षिका मिकामी या एकच व्यक्ती आहेत, ही गोष्ट आपल्यासमोर असूनही आपण ती जोडून पाहिलेली नसते. तरीही शाप संपत नाही, केवळ त्या वर्षापुरता थांबतो. म्हणजे येथे उकल झाली, भयाचा निरास मात्र झाला नाही.

'समाधान' या शब्दाचा जुना अर्थ 'एकत्र ठेवणे, जुळवणे' असा आहे. 'शंकासमाधान' या शब्दात तो आजही जिवंत आहे आणि हिंदीत समाधान म्हणजे सरळ उपायच. मराठीत मात्र तो मनाच्या तृप्तीकडे सरकला. 'हिगुराशी नो नाकु कोरो नी' या मालिकेच्या २००७मधील दुसऱ्या पर्वाच्या नावाला 'काइ' हे चित्राक्षर जोडले आहे, आणि आपल्या 'उकल'प्रमाणेच त्याचेही सोडणे व सोडवणे असे दोन्ही अर्थ होतात. हिनामिझावा गावातील हत्यांमागे रोग आणि कट आहे हे कळल्यावर भीती बरीच पातळ होते, असे माझे मत आहे. परंतु १९८३चा तोच जून पुन्हा पुन्हा भोगणारी रिका ही मुलगी अखेरीस त्या महिन्यापलीकडे पोहोचते, तेव्हा मिळते ते मराठी अर्थाने समाधान.

प्रश्न : मग 'शिकी' या अ‍ॅनिमे मालिकेचे (२०१०) काय? तेथे प्रेते उठून रक्त पितात हे मालिका संपण्याच्या बरेच आधी कळते, आणि शेवटी गाव जळते. समाधान म्हणावे असे काहीच उरत नाही.

उत्तर : खरे आहे, तरीही तो शेवट चुकलेला वाटत नाही. गावाचे नावच सोतोबा, म्हणजे उच्चाराने थडग्यापाशी उभारायची लाकडी फळी (हा जपानी शब्द आपल्या 'स्तूप'वरून गेला आहे). तेव्हा पहिल्या भागातच पेरलेले बीज शेवटी उगवते. नाट्यशास्त्रात याला 'निर्वहण' असा नेमका शब्द आहे : विखुरलेले सारे धागे एकत्र आणणारा तो पाचवा संधी, म्हणजे नाटकाच्या कथानकाचा शेवटचा टप्पा, आणि त्यात अद्भुत रस असावा असेही तेथे सांगितले आहे. भयकथेला हे विशेष लागू पडते, कारण 'आता काय होईल' ही भीती सरून तिची जागा 'हे असेच होणार होते' या विस्मयाने घेतली पाहिजे.

प्रश्न : 'निर्वहण' परीक्षणात चालेल का? वाचक तेथेच थांबेल.

उत्तर : चालणार नाही, आपण 'शेवट पटला' असे लिहावे. हिशेब पटतो तसा पुराव्याचा मेळ बसणे आणि मनाला मान्य होणे, हे दोन्ही अर्थ त्या क्रियापदात आहेत. शिवाय मृताची ओळखही 'पटते', त्यामुळे 'अनदर'साठी तर दुसरा शब्द शोधण्याची गरजच नाही.