मदत हवी आहे: गाडीतलं डेटा शेअरिंग बंद कसं करायचं?

नवी गाडी अ‍ॅपला जोडताना संमतीचं लांबलचक पान आलं. लोकेशन, वेग, ब्रेक किती जोरात दाबला, इतकंच काय, फोनमधले कॉन्टॅक्टसुद्धा हवेत! 'नको' म्हटलं की अ‍ॅप पुढे सरकतच नाही. २०२३ मध्ये मोझिलाने (फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांनी) २५ कार ब्रँडची प्रायव्हसी तपासली, तेव्हा एकही पास झाला नव्हता. म्हणजे ब्रँड बदलूनही सुटका नाही.

फोन नाही जोडला तरी गाडीच्या स्वतःच्या ई-सिममधून माहिती जातच राहणार. टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीची माहिती कंपनीला पाठवणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढ, असं एका मित्राने सुचवलं. पण मग अपघातात आपोआप लागणारा इमर्जन्सी कॉलही बंद पडेल ना? वॉरंटीचं काय?

एसओएस (तो इमर्जन्सी कॉल) चालू ठेवून फक्त शेअरिंग बंद केलेलं कुणी आहे का? मेनूत नेमकं कुठे सापडलं? आधी गेलेला डेटा पुसायला कंपनीला लेखी कळवलं तर दाद लागते का?