विषय: शनिवारी बहिरम – कारसीट एक, पोरं पाच

प्रेषक: अचलपूरची सून
सोमवार, २२ डिसेंबर, रात्री १०.४०

मंडळी,

जर्मनीहून सुट्टीत जे परतवाडा-अचलपूर-चांदूर बाजार पट्ट्यात आले आहेत त्यांच्यासाठीच ही मेल. बाकीच्यांनी पुसून टाकली तरी चालेल.

२७ला बहिरमची यात्रा पक्की. (काका, तारीख आता बदलायची नाही. मागच्या वेळचं सगळ्यांच्या लक्षात आहे.) गाडी भाऊजींच्या ओळखीतली, नऊ सीटची, ड्रायव्हरसकट ठरवली आहे.

अडचण अशी. फ्रँकफर्टहून धाकट्याची कारसीट आणलीये, विमानात तिचे वेगळे पैसेही पडले नाहीत. आज बसवून बघायला गेले तर मधल्या रांगेत बेल्टच सापडेना. म्हणजे वरून पट्टा येतो, पण तो अडकवायचा कुठे? सगळीकडे चामड्यासारखं जाड कव्हर, कडेने शिवून टाकलेलं. ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, हायेत न. कव्हरच्या खाली हायेत. आतापर्यंत कोणी मांगितलेच नाई."

तर दोन प्रश्न. परतवाड्यात गाडीचं कव्हर उसवून पुन्हा नीट शिवून देणारा कोणी माहीत आहे का? आणि कोणी बूस्टर, म्हणजे मोठ्या पोरांची उंच बैठक, आणलाय का? थोरलीला लागेल.

---

प्रेषक: मोर्शीवाले काका
मंगळवार, सकाळी ६.०५

सूनबाई,

तारीख मी बदलली नव्हती, हॉलवाल्याने बदलली होती. हे मी कार्यकारिणीला तेव्हाच लिहून कळवलं आहे.

आता हिशेब करा. मोठी माणसं चार, पोरं पाच, ड्रायव्हर एक. झाले दहा. गाडी नऊची. बेल्टचं पुढे बघू, आधी माणसं कुठे बसणार ते सांगा. यादी आधी माझ्याकडे आली असती तर हे कालच लक्षात आलं असतं. सहलीच्या याद्या सतरा वर्षं मी करतो आहे.

आम्ही लहानपणी बहिरमला बंडीने जायचो. साटीत कडबा, त्यावर घोंगडी, त्यावर आम्ही सात भावंडं आणि मधे पिठाचा डबा. रात्री निघायचं, पहाटे पोचायचं. धुरकरी झोपला तरी बैल रस्ता सोडत नसत. कोणाला कशाने बांधलं नव्हतं. एकदा आमचा धाकटा मागच्या मागे घसरून पडला, ते पुढच्या गावात कळलं. पण तो सापडला.

जाताना पोरांना संत्र्याची बाग दाखवा, आंबिया बहाराची शेवटची फळं झाडावर आहेत. मात्र संत्रं ओढून तोडू देऊ नका, देठापाशी साल फाटते आणि बागवान आपल्याला काही बोलत नाही, नंतर आपल्या मागे बोलतो.

---

प्रेषक: वरुडकर
मंगळवार, दुपारी १.१५

> पण तो सापडला.

काका, सगळे सापडत नाहीत म्हणून तर कायदा केला. जर्मनीत पोर बारा वर्षांचं होईपर्यंत, किंवा १५० सेंमी उंच होईपर्यंत, सीटशिवाय गाडीत बसवत नाही आपण. आपणच. आणि नागपूर विमानतळाबाहेर पडलो की तेच पोर पुढच्या सीटवर मांडीवर.

भारतातही नियम आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना असेल तर १००० रुपये दंड. आमच्या मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणे, "मंग चौदा वर्षांचं पोट्टं घेऊन जा."

आमच्याकडे बूस्टर आहे, पण आम्ही रविवारी ताडोब्याला निघतोय, शनिवारी सामान बांधायचं. जमलं तर शुक्रवारी अचलपूरला आणून देतो.

---

प्रेषक: कोथरूडची ताई
मंगळवार, संध्याकाळी

मी या गाडीत आहे की नाही? यादीत माझं नाव दिसलं नाही. मी नवऱ्याच्या गावी, चांदूर बाजारला आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. बहिरमला फक्त मटणच असतं असं ऐकलं, आम्ही तिघंही शाकाहारी. आणि टॉयलेटची सोय? साडेतीन वर्षांचा मुलगा आधी सांगत नाही, नंतर सांगतो.

---

प्रेषक: चांदूरकर
मंगळवार, रात्री ११.३०

ताई, बहिरम आमच्या तालुक्यात येतं, म्हणून दोन शब्द मी बोलतो.

मटणाची हंडी प्रसिद्ध आहे हे खरं. मातीची हंडी, तीन दगडांची चूल, कुटुंबच्या कुटुंबं राहुट्या ठोकून बसतात. डिसेंबरच्या विशीला सुरू होते यात्रा आणि पुरा जानेवारी चालते, म्हणून लोक सावकाश येतात, सावकाश खातात. पण हंडीत मटणच घाला असा कोणाचा हुकूम नाही. आमच्या घरचे वांग्याची भाजी आणि रोडगेच करतात.

रोडगे मुलांना करताना दाखवा, हे मी मुद्दाम सांगतो. जाडसर कणीक घट्ट मळायची, छोट्या पाऱ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक चार-पाच रचायच्या, सगळ्यात बाहेरच्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा. गोवऱ्यांचा आर पडला की त्यात ठेवायचे आणि फिरवत राहायचे. वरून करपल्यासारखा दिसतो, राख बसते. फडक्यात धरून झटकायचा आणि मुठीने दाबायचा. आत पापुद्रे सुटतात, वाफ येते, त्यात तुपाची धार. माझ्या मुलीने गेल्या वर्षी पहिला रोडगा हातात धरला आणि विचारलं, "बाबा, हा दगड आहे?" मग तीन खाल्ले. तिकडे शाळेच्या डब्यात चपातीसुद्धा परत आणते.

टॉयलेटचं: शनिवार-रविवारी गर्दी फार. घरून करवून न्या आणि पाण्याची कॅन जवळ ठेवा. टेकडीवर देवळात जाताना पोराला कडेवर घ्या, दर्शनाच्या रांगेत त्याला कोणी बघत नाही.

---

प्रेषक: मेहकरवाला
बुधवार, सकाळी

सगळे बहिरम-बहिरम करता, पण मुलांना खरं बघण्यासारखं लोणार आहे. उल्का पडून झालेलं विवर, बेसॉल्टमधलं, व्यास जवळजवळ १.८ किलोमीटर, पाणी खारं. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. यात्रा तर पुढच्या वर्षीही भरेल.

---

प्रेषक: अचलपूरची सून
बुधवार, सकाळी

लोणारही पुढच्या वर्षी तिथेच असेल, दादा. आमच्या इथून जाऊन-येऊन पोरांचा अख्खा दिवस गाडीत जाईल, आणि त्या गाडीत बेल्ट नाहीत. विषय बेल्टचा आहे.

कोथरूडची ताई, तुम्ही आहात. पोरं आता सहा.

---

प्रेषक: परतवाड्याचा (म्युनिकहून)
बुधवार, दुपारी

इथे उणे चार आहे आणि तुम्ही रोडग्यावर लिहिताय.

जाऊ शकत नाही म्हणून सल्ला देतो. बहिरमला जाताच आहात तर मुक्तागिरी करा. बावन्न जैन मंदिरं, डोंगराच्या कुशीत. धबधब्याला आता पाणी कमी, पण माकडं भरपूर. चिखलदरा मात्र त्याच दिवशी जोडू नका. घाटात पोरं ओकतात. कॉफीचे मळे बघायचे म्हणून आम्ही थोरल्याला नेलं होतं, त्याने चिखलदऱ्यात फक्त स्वतःची पिशवी बघितली. शकुंतला रेल्वेचं विचारू नका. अचलपूरची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी बंद आहे, हे पोराला सांगताना मलाच वाईट वाटलं होतं.

---

प्रेषक: वरुडकर

मुक्तागिरी महाराष्ट्रात नाही. मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात.

---

प्रेषक: परतवाड्याचा (म्युनिकहून)

परतवाड्याचा माणूस ती आपलीच धरतो.

---

प्रेषक: मोर्शीवाले काका
बुधवार, रात्री ९.२०

माकडांवरून आठवलं. पोरांना जनावरं दाखवायची तर जानेवारीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, दाखवा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केला होता, मे २०२३ मध्ये घटनापीठाने पुन्हा रीतसर परवानगी दिली. खोंड सुटले की डोळ्याचं पातं लवत नाही.

आणि वरुडकर, ताडोब्याला नेताय तर मोबाइल आत नेऊ देत नाहीत हे पोरांना आधीच सांगा. गेटवर रडारड नको.

---

प्रेषक: वरुडकर

शंकरपटाला आम्ही नाही, बायकोला चालत नाही, बैलांना मारतात म्हणते. काका, यावर इथे चर्चा नको, उन्हाळ्यात झाली आहे.

ताडोब्यात मोबाइल नाही म्हणूनच चाललोय. आमच्या धाकटीला वाघाचं काही नाही, आजीच्या दारची शेळी सोडून ती कुठे जायलाच तयार नाही. सकाळपासून तिला बोरीचा पाला चारते आहे.

---

प्रेषक: अचलपूरची सून
गुरुवार, २५ डिसेंबर, रात्री

बेल्ट सापडले!

परतवाड्यात कुशनवाला मिळाला. त्याने कव्हर पूर्ण उसवलंच नाही. सीट आणि पाठीच्या फटीत हात घातला, बोटांनी चाचपलं, ब्लेडने चार बोटं शिवण कापली आणि आतून एकेक बाहेर काढायला लागला: शेंगदाण्याची टरफलं, एक रुपयाचं नाणं, मुलीची रबरी क्लिप, कोणाच्या तरी लग्नाची अर्धी पत्रिका, आणि तळाशी लाल बटणाचं बकल, अजून कारखान्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतच. ड्रायव्हरदादा वाकून बघत होते. म्हणाले, "इतके वर्षं गाडी चालवून राह्यलो, हे लाल बटन मले आजच दिसलं." कापलेल्या कडांना कुशनवाल्याने टाके घातले, आता बकल वर राहतं. पैसे घेईना, शेवटी शंभर रुपये खिशात कोंबले.

कारसीट घट्ट बसली. मी गुडघा दाबून पट्टा ओढला, एक बोटही हलत नाही. मधे बसवता आली नसती, तिथे कमरेचाच पट्टा आहे, आमच्या सीटला तीन टोकांचा लागतो. म्हणून खिडकीला.

आजेसासूबाईंनी धाकट्याला त्यात बसलेलं बघितलं. "काऊन बांधलं व त्याले? काय चोरी केली का त्यानं?" आणि स्वतःच पट्टा सोडायला गेल्या. सुटला नाही. तेवढ्याने माझी खात्री पटली.

काका, दुसरी गाडी तुमची. होय की नाही एवढंच कळवा.

---

प्रेषक: मोर्शीवाले काका
शुक्रवार, पहाटे ५.५०

होय. सकाळी साडेसातला निघायचं, आठला नाही. सुधारित यादी जोडली आहे. माझ्या जीपच्या मागच्या बाकांना बेल्ट नाहीत, त्यामुळे पोरं सगळी तुमच्याकडे, मोठी माणसं आणि हंड्या माझ्याकडे. वळगावला गाडगेबाबांच्या स्मारकाशी थांबायचं असं मी आधी लिहिणार होतो, पण ते अमरावतीकडून येणाऱ्यांनी करावं, आपल्याला उलट पडतं.

---

प्रेषक: कोथरूडची ताई

यादीची जोडणी उघडत नाहीये. सहाही मुलं एका गाडीत, सोबत मोठं एकच? मी त्या गाडीत बसते.

---

प्रेषक: अचलपूरची सून
रविवार, २८ डिसेंबर

सगळे सुखरूप. गर्दी सांगायला नको. थोरलीला वरुडकरांचा बूस्टर पुरला, बाकी चार पोरं बेल्ट लावून बसली, मधल्याला कमरेचा. जाताना. येताना दोघं झोपली ती कशीही पडली होती, हे खरं सांगते.

चांदूरकर, रोडगे तुमच्या वहिनींनी केले ते. आमचे आतून कच्चे राहिले, आर नीट पडायच्या आधीच ठेवले. पोरांनी तरी खाल्ले, निम्मी राख मिशांना. कोथरूडच्या ताईंच्या मुलाने नंतरच सांगितलं, पण पाण्याची कॅन होती.

आता नवीन अडचण. यात्रेत घेतलेली रेवडी धाकट्याने कारसीटच्या बकलमध्ये ढकलली. गूळ आत वितळला, तीळ अडकले, टक् असा आवाजच येत नाही. ४ जानेवारीचं विमान आहे, तिकडे उतरल्यावर टॅक्सीत याशिवाय घेणार नाहीत. टूथपिकने थोडं निघालं. तेल सोडू का?

---

प्रेषक: वरुडकर
रविवार, ताडोब्याच्या मोहर्ली गेटच्या वाटेवरून

तेल अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते. बकल पट्ट्यावरून सोडवून कोमट पाण्यात धरा, बटण दाबत-सोडत राहा, मग उलटं टांगून वाळवा. आमच्याकडे जॅम गेला होता, तेव्हा असंच निघालं.

आमचा बूस्टर ३ तारखेपर्यंत हवा.

---

प्रेषक: मोर्शीवाले काका

माझ्या जीपमध्ये एक हंडी आणि डाव्या पायाचा निळा बूट राहिला आहे. हंडी माझी आहे. बूट कोणाचा?