पीटी-एपीटीटी नॉर्मल, म्हणून विषय संपत नाही

पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या, नॉर्मल आल्या म्हणजे रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार नाही, असं म्हटलं जातं. हे तितकंसं खरं नाही. फॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजाराच्या सौम्य प्रकारात एपीटीटी सर्रास नॉर्मल येते. फॅक्टर १३ या रक्त गोठवण्याच्या कामातल्या प्रथिनाची कमतरता तर या दोन्ही चाचण्यांत दिसतच नाही. गुठळी धरली की चाचणीचं घड्याळ थांबतं, आणि १३ चं गुठळीतले फायब्रिनचे धागे पक्के बांधण्याचं काम त्यानंतरचं. नाळ पडल्यावर बाळाच्या बेंबीतून रक्त झिरपत राहणं, ही त्याची ठळक खूण. अशा वेळी फॅक्टर १३ ची चाचणी मुद्दाम सांगूनच करून घ्यावी लागते.

एपीटीटी वाढलेली आली तरी आधी नमुना कसा घेतला ते विचारा. निळ्या झाकणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन) हे प्रमाण ठरलेलं असतं. नळी अर्धवट भरली तर जास्तीचं सायट्रेट चाचणीत रक्त गोठावं म्हणून घातलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं आणि वेळ उगाच लांबते. (घाईत रक्त काढलं की हे सहज होऊ शकतं.) शिवाय, फॅक्टर १२ हे गोठण्याचंच दुसरं प्रथिन कमी असेल तर एपीटीटी भलतीच लांबते, पण रक्तस्राव मात्र होत नाही.